फेन्सिंग म्हणजे काय गं ताई?

आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काहीच नाही. आज एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो आपल्या शेतात, आपल्या अंगणात आणि आपल्या कागदपत्रांत येऊन बसलाय. हातातलं काम चालू ठेवा, निवडणं-टिपणं चालू राहू द्या. ऐकत मात्र राहा, कारण शेवटी कामाची एक गोष्ट आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. गटाच्या परसबागेला जाळीचं कुंपण घालायचं होतं, त्याचा हिशेब मी वहीत मांडत होते. खांब किती, जाळी किती, मजुरी किती. दुकानदाराच्या बिलावर 'फेन्सिंग' असं होतं म्हणून मीही वहीत 'फेन्सिंग खर्च' असंच लिहिलं. तेवढ्यात एका ताईंनी पिशवीतून शाळेची चिठ्ठी काढून माझ्यापुढं धरली. मुलगी आठवीला. 'माझ्या मुलीला फेन्सिंगच्या शिबिराला पाठवण्यास माझी संमती आहे' आणि खाली सहीची जागा. ताई चांगल्याच तापल्या होत्या. "पोरीला शिकायला पाठवते मी, का कुंपण घालायला? माझ्याच शेतात खांब रोवायचे राहिलेत. आधी ते कर म्हणावं!"

सगळ्या हसलो. मी म्हटलं, "ताई, हे ते फेन्सिंग नाही. हा खेळ आहे, तलवारबाजी." ताई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग कुंपणाला अन् तलवारीला एकच शब्द कसा? इंग्रजांकडं शब्द कमी पडले का?"

आता आली का पंचाईत! मी बी.ए. मराठी घेऊन केलं. भाषाविज्ञानाचा एक पेपर होता, तो कसाबसा पार पडला. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगते. घरी जाऊन माळ्यावरची वही काढली, शब्दकोश उघडला, आमच्या जुन्या मॅडमना फोन केला. जे कळलं ते आधी बैठकीत सांगितलं, आणि आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट अशी की 'फेन्स' हा अख्खा शब्दच नाही. तो तुटलेला शब्द आहे. मूळचा शब्द 'डिफेन्स', म्हणजे बचाव, संरक्षण. तो तुम्ही कबड्डीच्या सामन्यात ऐकला असेल. चढाई करणारा आला की सांगणारा ओरडतो, "डिफेन्सनं पकडला!" तोच हा डिफेन्स. त्याचं पुढचं 'डि' गळालं आणि राहिला 'फेन्स'. इंग्रजीत चौदाव्या शतकापासून हा आखूड शब्द सापडतो. आरंभी त्याचा अर्थ कुंपण नव्हताच, नुसता 'बचाव' होता. पुढं ज्यानं बचाव होतो ती वस्तू, म्हणजे शेताभोवतीचं कुंपण, त्यालाही फेन्स म्हणू लागले. आणि सोळाव्या शतकाच्या शेवटाला तलवारीनं समोरच्याचा वार अडवत लढण्याच्या कलेला 'फेन्सिंग' हे नाव रुळलं. शेतातलं कुंपण जनावराला अडवतं, हातातली तलवार वाराला अडवते. काम एकच, म्हणून शब्द एकच. ताईंना मी हेच सांगितलं: इंग्रजांकडं शब्द कमी पडले नाहीत, एकाच शब्दानं दोन घरची कामं धरली.

आता कुणी म्हणेल, शब्दाचं डोकं असं कसं गळेल? अहो, आपल्याकडंही गळतं. संस्कृतातला 'अरण्य' आपल्याकडं 'रान' झाला. पुढचा 'अ' गेला. विहिरीवरचा 'रहाट' हा मूळचा 'अरघट्ट'. केस धुवायचा 'रिठा' हा मूळचा 'अरिष्ट'. रान, रहाट, रिठा, तिघांचंही पुढचं अक्षर बोलता बोलता झिजून गेलं. दगडी उंबरा येण्याजाण्यानं झिजतो, तसा शब्द बोलण्यानं झिजतो. डिफेन्सचा फेन्स झाला तो असाच.

हा डिफेन्स तरी इंग्रजीत आला कुठून? तो फ्रेंच भाषेतून आला. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या सरदारानं इंग्लंड जिंकलं. मग राजा, दरबार आणि न्यायालय यांची भाषा फ्रेंच झाली आणि शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. आपल्याकडं असंच फारसीचं झालं. दावा, वकील, फिर्याद, तारीख, हद्द, जमीन हे शब्द आज आपण आपले म्हणून वापरतो, ते त्या वाटेनं आलेत. कचेरीची भाषा नेहमी राज्य करणाऱ्याची असते, आणि तिथं गेलेल्या साध्या माणसाला ती परकी वाटते. इंग्लंडच्या शेतकऱ्यालाही तेव्हा ती परकीच वाटत असणार. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फ्रेंचमध्ये हा शब्द आला लॅटिनमधून. लॅटिन ही रोमची जुनी भाषा. तिच्यात 'फेन्देरे' असं एक मूळ होतं, त्याचा अर्थ मारणं, ठोकणं. त्याच्या पुढं 'दे' लावलं की अर्थ होतो वार दूर सारणं, परतवणं. त्यातून डिफेन्स. आणि त्याच मुळापुढं 'ओब' लावलं, ज्याचा अर्थ 'समोर, विरुद्ध', की शब्द होतो 'ऑफेन्स', म्हणजे जाऊन आदळणं, वार करणं. पोलीस गुन्ह्याला ऑफेन्स म्हणतात, तो हाच. म्हणजे वार करणारा आणि वार परतवणारा, दोघं शब्द एकाच आईची लेकरं. फरक फक्त पुढं लागलेल्या छोट्याशा तुकड्याचा.

असे तुकडे आपल्याकडंही आहेत. शाळेत 'उपसर्ग' म्हणून शिकलो होतो ते. 'हार' या एकाच शब्दापुढं काय काय लागतं बघा. प्रहार म्हणजे तडाखा. आहार म्हणजे जेवण. विहार म्हणजे फिरणं. संहार म्हणजे नाश. उपहार म्हणजे भेट. एवढासा तुकडा, पण जेवणाचा नाश करून टाकतो! तेव्हा ऑफेन्स आणि डिफेन्स ऐकायला जवळजवळ सारखे असले तरी एक समजून चालायचं नाही.

आता सगळ्यात गंमतीचा भाग. लॅटिनमधलं हे 'मारणं'वालं मूळ आपल्या भाषेतही आहे, आणि तुम्ही ते रोज वापरता. पोरगं ऐकत नसलं की आपण म्हणतो, "एक हाणीन हं!" कुत्र्याला दगड हाणतो, भांडणात हाणामारी होते. हे 'हाणणं' आलंय संस्कृतातल्या 'हन्' या धातूपासून. हन् म्हणजे मारणं. त्याचंच दुसरं रूप 'घन', 'घ्न', 'घात'. त्यातून हत्या, घात, आघात, अपघात आले. आपण 'घाव' म्हणतो तोही 'घात'पासूनच. केलेला उपकार जो मारून टाकतो तो कृतघ्न. शत्रूला मारणारा शत्रुघ्न. आणि कामाच्या आड येऊन त्याची मोडतोड करतं ते विघ्न. गणपतीला आपण विघ्नहर्ता म्हणतो, त्या विघ्नातही हेच मूळ बसलंय. या सगळ्यांचा आणि इंग्रजी 'फेन्स'चा कुळाचार एकच.

तुम्ही म्हणाल, कुठं 'हन्' आणि कुठं 'फेन्'! ह चा फ कसा होईल? माझ्याही मनात हेच आलं होतं. मॅडमनी समजावलं ते असं. फार फार जुन्या काळी, काही हजार वर्षांपूर्वी, एक भाषा होती. ती लिहिली जात नव्हती. ती बोलणारे लोक पांगले आणि त्यांच्या बोलण्यातून पुढं संस्कृत, इराणी, ग्रीक, लॅटिन, जर्मन अशा भाषा झाल्या. चार बहिणी लग्न होऊन चार मुलखांत गेल्या की दहा वर्षांनी त्यांच्या बोलण्याची ढब बदलते, पण माहेर एकच असतं, तसं हे आहे. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं जाहीर भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात. तिथून पुढं अभ्यासकांनी शब्दाला शब्द लावून हे माहेर शोधून काढलं.

आणि ढब बदलते ती मनाला येईल तशी नाही, ठरलेल्या वाटेनं बदलते. त्या जुन्या भाषेत एक आवाज होता, तो संस्कृतात 'घ' किंवा 'ह' झाला आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ' झाला. एकाच शब्दात झाला असता तर योगायोग म्हटलं असतं. पण दुसरा शब्द बघा. संस्कृतात उष्णतेला 'घर्म' म्हणतात, त्यापासून आपला 'घाम' झाला. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून भट्टीचा शब्द झाला, तो इंग्रजीत 'फर्नेस' म्हणून आला. कारखान्यात भट्टीला फर्नेस म्हणतात ना, तीच. इकडं घ, तिकडं फ. ग्रीकांकडं त्याचा 'थ' झाला, म्हणून चहाचा 'थर्मास' आणि ताप मोजायचा 'थर्मामीटर'. उन्हात खुरपताना गळणारा घाम आणि थर्मास, दोघं लांबचे पाहुणे! हाणणं आणि फेन्सचंही तसंच आहे.

हे बैठकीत सांगितलं तेव्हा एक आजी पटकन म्हणाल्या, "म्हंजी इंग्रजी काय पार परकी न्हाय म्हणायची." मला तेवढंच हवं होतं.

आता आपले कुंपणाचे शब्द बघू. कोकणात दगड रचून गडगा घालतात. आमच्याकडं बाभळीच्या, बोरीच्या फांद्या टाकून काट्यांची वई करतात, कुठं बांधावर घायपात लावतात, कुठं निवडुंग, कुठं शेर. यातला 'वई' हा शब्द फार जुना. तो संस्कृतातल्या 'वृति'पासून आला, आणि त्याचं मूळ 'वृ', म्हणजे वेढणं, झाकणं. आवरण आणि निवारण यांतही तोच वृ. वाडी आणि वाडा हे शब्दही वेढलेल्या जागेच्या त्याच अर्थातून आलेत. आणि योद्ध्याच्या अंगावरच्या चिलखताला संस्कृतात 'वर्मन्' म्हणतात, तोही या वृ पासूनच. वर्मा आडनावात तो अजून आहे. म्हणजे बघा, शेताचं कुंपण आणि लढाईचं साहित्य एका मुळातून येणं ही काही इंग्रजांचीच रीत नाही. आपल्याकडंही शेताची वई आणि वीराचं चिलखत ही भावंडं आहेत. फरक एवढाच की आपली वई पदर अंगाभोवती घ्यावा तशी वेढून राखते, आणि त्यांची फेन्स आलेला वार मागं सारून राखते.

या फेन्सचं गोत इंग्रजीत बरंच पसरलंय. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावर पत्रा असतो, चिखल-माती अंगावर उडू नये म्हणून. त्याला 'फेंडर' म्हणतात. तो 'डिफेंडर'चा तुटलेला शब्द, म्हणजे रक्षण करणारा. इंग्लंडमधले चोर आपल्या बोलीत चोरीचा माल विकत घेणाऱ्यालाही 'फेन्स' म्हणत, कारण त्याच्या आडोशाला चोरी लपायची. 'कुंपणावर बसणं' हे वर्तमानपत्रांत वाचतो, म्हणजे कुठल्याच बाजूला न जाणं, तेही मूळ तिकडचं. आपल्याकडं त्याला झकास शब्द आहे, तळ्यात-मळ्यात.

आता खेळाकडं येऊ, कारण चिठ्ठीवर सही व्हायची होती. तलवारबाजीच्या खेळात तीन प्रकारची हत्यारं असतात: फॉइल, एपे आणि सेबर. त्यांना धार नसते. अंगावर जाड कपडे, तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. वार लागला की विजेच्या यंत्रावर दिवा लागतो. १८९६ साली नव्या काळातलं पहिलं ऑलिम्पिक झालं, तेव्हापासून हा खेळ त्यात आहे. बायकांना मात्र १९२४ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही फक्त फॉइल मिळालं. बायकांचं एपे १९९६ साली आलं आणि सेबर २००४ साली. म्हणजे तलवारीच्या खेळातही बाईसाठी कुंपण होतंच, ते एकेक खांब करत उपटावं लागलं.

त्याच २००४ साली चेन्नईच्या एका शाळेत भवानी देवी नावाच्या मुलीनं हा खेळ घेतला. सुरुवातीला सरावाला बांबूच्या काठ्या होत्या, तलवारी महाग म्हणून स्पर्धेपुरत्याच हातात यायच्या. तीच मुलगी २०२१ साली टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये सेबर घेऊन उतरली. ऑलिम्पिकमध्ये तलवारबाजी खेळणारी ती पहिली भारतीय. पहिला सामना तिनं १५-३ असा जिंकला, दुसरा हरली. पण २०२३ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं कांस्यपदक आणलं. त्या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक.

या खेळातला एक नियम मला फार आवडला. फॉइल आणि सेबरमध्ये समोरच्यानं आधी चढाई केली असेल आणि दोघांचे वार एकदमच लागले, तर गुण चढाई करणाऱ्याला मिळतो. तुम्हाला गुण हवा तर आधी त्याचं पातं आपल्या पात्यानं बाजूला सारायचं, आणि मग वार करायचा. आधी परतव, मग उत्तर दे. नुसतं मागं सरकत राहिलं तर गुण मिळत नाही, आणि न अडवता हात चालवला तरी मिळत नाही. शब्दाच्या पोटात जे आहे तेच खेळाच्या नियमात आहे. हे ऐकून ताईंनी चिठ्ठीवर सही केली. "जाऊ दे पोरगी," म्हणाल्या, "अडवायला तरी शिकंल."

पण मैत्रिणींनो, कुंपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण म्हणतो ना, कुंपणच शेत खातं. इंग्लंडमध्ये ते खरोखर घडलं. तिथं गावोगाव सामाईक जमिनी होत्या, आपल्याकडच्या गायरानासारख्या. गरीब घरातली बाई तिथं गाय चारायची, जळण वेचायची, कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचून आणायची. मोठ्या जमीनदारांनी या जमिनींना कुंपण घालून त्या खासगी करून घेतल्या, आणि तेही कायद्यानं. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे तिथल्या संसदेनं केले. त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन होती, इंग्लंडच्या एकूण जमिनीच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्तच. ज्यांच्या चुलीचा आधार त्या सामाईक जमिनीवर होता त्यांना ते कुंपण म्हणजे संरक्षण नव्हतं, तो पोटावर बसलेला घाव होता. शब्द बचावाचा, काम वार करण्याचं. म्हणून गावात कुठंही कुंपण उभं राहिलं की विचारायचं: हे कुणाला राखतंय आणि कुणाला हाणतंय?

आता ती कामाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं. आमच्या गटात आणखी एक ताई आहेत. नवरा वारला, दोन मुलं, वाट्याला आलेली सव्वा एकर जमीन. रानडुकरं पीक ठेवत नाहीत म्हणून त्यांनी गटाचं कर्ज काढून तारेचं कुंपण घातलं. शेजारी भावकीचीच जमीन. त्यांचं म्हणणं, कुंपण आमच्यात आलंय. बोलाचाली झाली आणि दावा दाखल झाला. समन्स घरी आलं. सोबत दाव्याची नक्कल होती, ती इंग्रजीत. ताईंच्या पुतण्यानं अडखळत वाचली. नावापुढं 'डिफेंडंट' असं होतं. गल्लीतला एक शहाणा म्हणाला, "डिफेंडंट म्हणजे आरोपी. आता पोलीस येणार."

त्या बाईनं तो कागद ज्वारीच्या कणगीमागं लपवून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. दोन बैठकांना आली, हप्ता भरला, गप्प बसून निघून गेली. मला कळलं तेव्हा कागद येऊन एकोणीस दिवस झाले होते. आणि माझीही चूक सांगते. पहिल्या बैठकीत तिचा उतरलेला चेहरा मी बघितला होता. वहीतली बेरीज जुळत नव्हती म्हणून विचारायचं राहून गेलं. फेन्सिंगची गंमत सांगण्यात मी रंगले होते, आणि त्याच कुळातला एक शब्द माझ्या पुढ्यात बसलेल्या बाईची झोप उडवत होता.

तिनं कागद दाखवला तेव्हा मी तिला डिफेन्सची सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. म्हटलं, ताई, हा शब्द फेन्सचा सख्खा भाऊ आहे. तुम्ही शेताला घातली ती फेन्स, आणि तुम्ही स्वतः डिफेंडंट. वार करणारी नाही, वार परतवणारी. मराठीत याला 'प्रतिवादी' म्हणतात, म्हणजे दाव्याला उत्तर देणारी बाजू. आरोपी हा शब्द गुन्ह्याच्या, फौजदारी खटल्यात येतो. हा जमिनीचा, दिवाणी दावा आहे. प्रतिवादी म्हणून नाव लागलं म्हणजे दोष सिद्ध झाला नाही. न्यायालय एवढंच म्हणतंय की तुमच्यावर असा दावा आलाय, तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा.

त्या पहिल्यांदा मान वर करून म्हणाल्या, "म्हणजे मला बोलायचा हक्क आहे?" हक्क आहेच, म्हटलं, आणि मुदतही आहे. न बोलून चालणार नाही.

हे नीट ऐका. दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यावर आपलं लेखी म्हणणं साधारण ३० दिवसांच्या आत द्यायचं असतं. कारण पटलं तर न्यायालय मुदत वाढवू शकतं, ९० दिवसांपर्यंत. पण काहीच केलं नाही, तारखेला गेलोच नाही, तर दावा एकतर्फी चालू शकतो. मग समोरच्याचं तेवढं ऐकून निकाल लागू शकतो. कागद कणगीमागं लपवला म्हणून तारीख लपत नाही.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असंही म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला वकिलाची मदत मोफत मिळते. त्यात उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करायचा. फोन करायचा असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. लिहून घ्या, भिंतीवर लिहा, चुलीपाशी लिहा.

आम्ही चौघी दुसऱ्याच दिवशी ताईंबरोबर तालुक्याला गेलो. समितीकडं अर्ज दिला, वकील मिळाल्या, लेखी म्हणणं मुदतीत दाखल झालं. वकीलबाईंनी जमिनीची हद्दकायम मोजणी करून घ्यायला सांगितलं, म्हणजे कुंपण कुणाच्या हद्दीत आहे ते फूटपट्टीनं ठरेल, तोंडानं नाही. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. कदाचित ताईंची तार हातभर मागं घ्यावी लागेल, कदाचित नाही. पण ताई आता तारखेला जातात, आपलं नाव पुकारलं की उभ्या राहतात. आधी अडव, मग उत्तर दे, हे तलवारीच्या खेळातलं त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण करतात तेच.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम केलाय. बैठकीत हप्ते झाले की मी विचारते, "कुणाकडं न समजलेला कागद आहे का?" पहिल्या वेळी कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी तीन कागद निघाले. एक विम्याचा, एक बँकेचा, एक शाळेचा. तिन्हींत भीतीचं काही नव्हतं, भीती होती ती न कळलेल्या शब्दाची. तुमच्या गटातही हे करून बघा. एखादा शब्द अडला तर लाजू नका. तो फोडून बघा, त्याच्या पुढचा तुकडा काय, मागचा तुकडा काय. कळला नाही तर विचारा. विचारणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणालं, तर तो वार आहे असं समजा आणि परतवा.

आणि हो, शिबिराला गेलेली ती मुलगी परत आलीय. परसबागेच्या कुंपणाची एक काठी तिनं काढून घेतली आणि अंगणात भावाबरोबर सराव करत असते. तिची आई ओरडते, "अगं, वईची काठी ठेव जागेवर!" मुलगी म्हणते, "आई, फेन्सिंगचीच तर आहे."

येते मैत्रिणींनो. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.